सांधे ऐकायचे कसे: ‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयी

मंडळी, नमस्कार.

काळ्या पार्श्वभूमीवर काचेचा लोलक, डावीकडून येणारी पांढरी रेघ, उजवीकडे फुटलेले रंग. हे चित्र टी-शर्टवर, चहाच्या मगवर, हॉस्टेलच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या मानाने त्या मुखपृष्ठाआतली ४३ मिनिटं एका बैठकीत ऐकलेले लोक कमीच. आज बोलायचंय त्या ४३ मिनिटांबद्दल. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ मध्ये आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरावर तो जेमतेम एक आठवडा होता, पण यादीतला त्याचा मुक्काम १९८८ पर्यंत ७४१ आठवड्यांवर गेला. खपाचं पुराण इथेच थांबवतो. हा अल्बम थोर का, हे सांगणारं लिखाण मुबलक आहे. मला सांगायचंय ते हे की तो जोडलाय कसा, आणि ते जोड कानाला सापडतात कसे.

कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच विषयाभोवती बांधलेला अल्बम, म्हटलं की ऐकणारा गोष्ट शोधू लागतो. नायक कोण, त्याचं पुढे काय होतं, शेवट गोड की कडू. द हू या बँडच्या १९६९ च्या ‘टॉमी’त असा नायक आहे, तेव्हा ती सवय अगदीच चुकीची नाही. इथे मात्र नायकही नाही आणि घटनाही नाहीत. १९७१ च्या अखेरीस ड्रमवादक निक मेसन यांच्या लंडनमधल्या कॅम्डनच्या घरी चौघे जमले आणि बास वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्स यांनी विषय मांडला: माणसाचं डोकं फिरवणाऱ्या गोष्टी. वेळ, पैसा, सततचा प्रवास, मरण, माणसामाणसांतली फूट आणि शेवटी प्रत्यक्ष वेड. यातलं शेवटचं कलम त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हतं. बँडचे मूळ म्होरके सिड बॅरेट यांचं मानसिक संतुलन ढासळत गेलं होतं आणि १९६८ मध्ये ते बँडबाहेर पडले होते.

तर हाती होती एक यादी. यादीवर गाणी बेतणं सोपं असतं, पण अशी गाणी एकापुढे एक ठेवली तर संग्रह होतो, एकसंध रचना होत नाही. या अल्बमची एकसंधता शब्दांतून फारशी आलेलीच नाही, असं माझं मत आहे. ती आलीय तीन ठिकाणांहून: पुन्हा पुन्हा वेगळ्या वेषात येणारं स्वरांचं साहित्य, गाण्यांच्या मधे पेरलेले आवाज, आणि एक गाणं संपून दुसरं सुरू होतं ती जागा. यातली तिसरी गोष्ट ऐकायची तर आधी आपली यंत्रं नीट लावावी लागतात. म्हणून थोडा वेळ त्यावरच बोलतो, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो.

फोनवर ऐकणार असाल तर शफल बंद करा, हे सांगायला नको. पण क्रॉसफेडही बंद करा. बहुतेक अ‍ॅपांमध्ये एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर काही सेकंद चढवण्याची सोय असते. पार्टीत ती बरी. इथे गाणी मुळातच एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यावर अ‍ॅपने आपली मिसळण केली की सांध्यावर दोन ठेके एकमेकांना आडवे जातात. त्याच सेटिंगमध्ये दोन गाण्यांमधली पोकळी काढून टाकणारा ‘गॅपलेस’ पर्याय असेल तर तो चालू ठेवा. आवाजाची पातळी सारखी करणारा पर्याय असतो, तो एकेका गाण्याला लागू होत असेल तर बंद करा. हळू गाणं मुद्दाम हळू ठेवलेलं असतं, अ‍ॅप ते उचलून मोठं करतं आणि पुढच्या गाण्याचा धक्काच निघून जातो. संपूर्ण अल्बमला एकच पातळी लावणारा पर्याय असला तर तो चालेल.

जुन्या एमपी-थ्री फाइली असतील तर आणखी एक अडचण. फाइल बनवताना एन्कोडर तिच्या पुढे-मागे शांततेचे काही नमुने चिकटवतो. ते कापून टाकायची अक्कल प्लेअरला नसेल तर प्रत्येक सांध्यावर बारीकशी खाच पडते, क्षणभर श्वास अडकल्यासारखी. ‘ब्रेन डॅमेज’मधून ‘एक्लिप्स’मध्ये जाताना ती खाच फार बोचते. आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये किंवा सीडीवर हा प्रश्न येत नाही.

आवाज किती ठेवायचा? अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ते ठोके शांततेतून अगदी हळू वर येतात. ऐकू येईना म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि मिनिटभरातच कानठळ्या बसतात. तेव्हा पातळी ठोक्यांवर ठरवू नका. आधी ‘ब्रीद’ लावा, गाणारा समोर बसून गातोय असं वाटेल इतका आवाज ठेवा, मग मागे जाऊन सुरुवातीपासून ऐका. पहिले काही सेकंद जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. ते तसंच आहे.

दोन स्पीकर असतील तर दोघांमधलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमचं अंतर सारखं ठेवा, कानाच्या उंचीवर. एकच ब्लूटूथ डबा असेल तर ‘ऑन द रन’मधली डावीकडून उजवीकडे पळणारी पावलं जागच्या जागी आपटत राहतात. त्यापेक्षा साधे वायरचे हेडफोन बरे.

रेकॉर्डवाल्यांसाठी एक खास सूचना. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला ती २१-२२ वर येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून आतल्या भागात वरच्या पट्टीतले स्वर फाटायची शक्यता जास्त. आता या अल्बमची मांडणी पाहा: पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका क्लेअर टॉरी यांचा टिपेचा आवाज, दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळ्या वाद्यांसह ‘एक्लिप्स’. दोन्ही शिखरं नेमकी आतल्या खाचेत. तिथे आवाज चिरकला तर रेकॉर्डला दोष देण्याआधी सुई झिजलीय का आणि सुई धरणारं कार्ट्रिज तिरकं बसलंय का ते तपासा. बाहेरच्या गाण्यांत सगळं ठीक आणि फक्त शेवटी चिरकतंय, म्हणजे बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

यंत्रं झाली. आता अल्बम.

याचे सांधे इतके घट्ट का, याचं एक कारण साधं आहे: हे संगीत रेकॉर्ड होण्याआधी लोकांसमोर वाजत होतं. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये पहिला प्रयोग झाला आणि ‘मनी’ला टेपची यंत्रणा कोलमडल्यामुळे तो अर्धवट सोडावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर संपूर्ण सादर झाला. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं ते त्यानंतर काही महिन्यांनी, आणि मिक्सिंग आटोपायला १९७३ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात कोणत्या जागी प्रेक्षक चुळबूळ करतात आणि कुठे खिळून राहतात, हे त्यांना प्रत्यक्ष दिसत होतं. ‘ऑन द रन’ तेव्हा गिटारची लांबण होती, ती पुढे टाकून दिली. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गन आणि टेपवरचं धार्मिक वाचन होतं, तेही गेलं. आणि ‘एक्लिप्स’ तर नव्हतंच! रचनेला शेवट नाही हे दौऱ्यातच लक्षात आलं, तेव्हा वॉटर्सनी ते लिहून आणलं.

पहिली पट्टी, ‘स्पीक टू मी’, मिनिटभराची आहे आणि तिला सूर असा नाहीच. हृदयाचे ठोके, घड्याळाची टिकटिक, गल्ल्याचा खणखणाट, कुणाचं तरी वेडसर हसू, एक किंकाळी. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाण्यातला एक तुकडा इथे आधीच ऐकवलेला आहे. नांदीत जसा पुढच्या नाटकाचा सुगावा लागावा तसाच हा प्रकार, फक्त शब्दांऐवजी आवाजांत. ते ठोके म्हणजे मेसन यांच्या मऊ गादी लावलेल्या बास ड्रमचा आवाज. खऱ्या हृदयाची नोंद ऐकताना फार धास्तावल्यासारखी वाटत होती, म्हणून ती वापरली नाही. शेवटी पियानोची एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर, उलटी वाजते. टेप उलटी फिरवली की विरत जाणारा स्वर फुगत येतो. तो फुगतो, फुगतो आणि ‘ब्रीद’च्या पहिल्या मात्रेवर सुटतो. हा पहिला सांधा. त्या क्षणी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, आणि ते कसं साधलंय हे कळल्यावरही वाटतच राहतं.

‘ब्रीद’ नीट लक्षात ठेवा, कारण ते तीनदा येणार आहे. बराच वेळ दोनच कॉर्ड आलटून पालटून चालतात, ई मायनर आणि ए. त्यावर डेव्हिड गिलमोर यांची घसरत जाणारी स्लाइड गिटार. कडव्याच्या शेवटी एक वेगळीच, किंचित आंबट कॉर्ड लागते: डी सेव्हन शार्प नाइन, आणि तिच्यातला एक स्वर खाली सरकून पुन्हा ई मायनरकडे वाट काढून देतो. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइट यांनी ही युक्ती जॅझवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतल्याचं स्वतःच सांगितलं आहे. रॉकच्या रेकॉर्डवर जॅझमधली ही कॉर्ड इतक्या सहज बसलीय की सांगितल्याशिवाय ती उपरी वाटत नाही.

मग अचानक ‘ऑन द रन’. ईएमएस कंपनीचा सूटकेसएवढा सिंथेसायझर, त्याच्या सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवत राहणाऱ्या भागात, आठ स्वर, वेग वाढवून न थांबता फिरत ठेवलेले. मग एक हात फिल्टरवर: तेच आठ स्वर कधी दबके, कधी धारदार. विमानतळावरची सूचना, धावती पावलं, शेवटी कोसळण्याचा स्फोट. खरं सांगायचं तर निव्वळ संगीत म्हणून हा भाग आज सगळ्यात जुना वाटतो. १९७३ मधलं नवल आता कुठल्याही लॅपटॉपवर होतं. पण अल्बममधून तो काढून पाहा. ‘ब्रीद’ आणि ‘टाइम’ दोन्ही मध्यम चालीची गाणी, एकाला एक लागून आली तर दोन्ही मरगळतील. मधे ही धाप लागलेली तीन-साडेतीन मिनिटं आहेत म्हणून पुढची शांतता शांतता वाटते.

आणि त्या शांततेवर घड्याळं. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात ती एकेक करून वेगवेगळी रेकॉर्ड केली होती, चार स्पीकरांच्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. ती इथे कामी आली. सगळी एकदम वाजावीत म्हणून टेपांची जुळवणी हातानेच करावी लागली. घड्याळं थांबतात तेव्हा एक टकटक मागे उरते. ते घड्याळ नव्हे, वॉटर्स यांनी बासच्या तारा दाबून काढलेला आवाज आहे. इथे यंत्राकडून वाद्याकडे सूत्र कधी गेलं ते पहिल्या ऐकण्यात कळत नाही. त्यानंतर मेसन रोटोटॉम या छोट्या सुरात लावता येणाऱ्या ड्रमांवर सावकाश घुमत राहतात, आणि गाणं सुरू झाल्यापासून सुमारे अडीच मिनिटं गायक तोंड उघडत नाही. वेळ वाया घालवण्याबद्दलचं गाणं तुमची अडीच मिनिटं खाऊन सुरू होतं. ख्यालातली विलंबित लय पचवणाऱ्यांना हे जड जाऊ नये. रेडिओवाले मात्र हीच सुरुवात कापत आले.

‘टाइम’मध्ये दोन आवाजांची वाटणी ऐका. कडवी गिलमोर यांची, खरखरीत आणि रागावलेली. मधला मऊ भाग राइट यांचा, मागे चार गायिकांचा स्वरसाज. गिटारचा एकल भागही याच दोन जमिनींवर बेतलेला आहे: अर्धा कडव्याच्या कॉर्डवर कडक, अर्धा राइट यांच्या भागावर सैल. मग शेवटचं कडवं संपतं आणि काही कळायच्या आत ‘ब्रीद’ परत आलेलं असतं, नव्या शब्दांसह, घरी परतून शेकोटीपाशी बसणाऱ्या माणसाबद्दलचं. इथे वेगळं गाणंच नाही, ‘टाइम’चाच हा शेवट आहे, म्हणून बऱ्याच जणांना तो सुटा आठवत नाही. दुरून चर्चची घंटा येते आणि पियानो बी मायनरवर उतरतो. देवाधर्माचा उल्लेख कानावर पडतो न पडतो तोच मरणाबद्दलचं गाणं सुरू.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’बद्दल एकच सांगतो, कारण या गाण्याबद्दल जगात पुरेसं बोललं गेलंय. त्याला शब्द नाहीत. जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टॉरी यांना एका रविवारी बोलावलं, शब्द नकोत एवढंच सांगितलं, आणि त्यांनी आवाज वाद्यासारखा वापरायचं ठरवलं. मोजकेच टेक झाले, त्यांतून जोडून हे बनलं. मानधन ३० पौंड. पुढे २००४ मध्ये त्या कोर्टात गेल्या, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून संगीतकार म्हणून राइट यांच्यासोबत त्यांचंही नाव छापलं जातं. ऐकताना लक्ष द्यायचं ते पहिल्या चढावर नको, तो कुणालाही कळतो. मधे सगळं ओसरल्यावर दुसऱ्यांदा त्या अगदी खालून, जवळजवळ पुटपुटत सुरू करतात, तो भाग ऐका.

इथे रेकॉर्ड उलटायची. पहिली बाजू सुमारे १९ मिनिटांची, दुसरी साडेतेवीसच्या आसपास. ही सक्तीची विश्रांती रचनेचाच भाग आहे. सीडीवर किंवा फोनवर ऐकत असाल तर इथे अर्धा मिनिट थांबलात तर काही बिघडणार नाही. टॉरींच्या विरत्या आवाजावर लगेच नाणी आदळू देऊ नयेत.

‘मनी’. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज, एका आवर्तनात. ते बनलं असं: वॉटर्स यांनी घरच्या मोठ्या वाडग्यात नाणी टाकून आवाज घेतले, मेसन यांनी जुन्या पेनींना भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवल्या. मग टेपवर प्रत्येक आवाज पट्टीने मोजून सारख्या लांबीचा कापला आणि चिकटपट्टीने जोडून त्याचा फेर केला. हिशेब असा असतो: टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर एकेक तुकडा साडेसात इंचांचा, सात मिळून साडेबावन्न. तुकडा पाव इंच इकडे तिकडे झाला तर ठेका लंगडतो. संगणकावर आज हे मिनिटाचं काम आहे. तेव्हा ते ब्लेडचं काम होतं.

सात मात्रा म्हणजे आपल्याला रूपक आठवणार. आठवू द्या, पण एक काळजी घ्या. रूपकात सम खाली असते आणि आपला कान तिथे हात वळवून मोकळा होतो. इथे पहिल्याच मात्रेवर बासचा जड स्वर आहे. रूपकाच्या अंगाने तीन-दोन-दोन करत बसलात तर दोन आवर्तनांत वजनं चुकायला लागतात. सरळ एक ते सात मोजा, बासचा खालचा स्वर आला की एक. सॅक्सोफोनवर डिक पॅरी सातातच वाजवतात. त्यांच्यानंतर गिटार येते तेव्हा सगळा बँड चार मात्रांत जातो, आणि मोजत बसलेला प्रत्येक माणूस इथे हमखास पडतो. कारण व्यवहारी होतं: गिलमोरना चारात मोकळं वाजवता येत होतं. परिणाम मात्र नामी झाला. अडखळत चाललेली गाडी एकदम हमरस्त्याला लागते. गिटारचे तीन फेरे आहेत: पहिला भरपूर घुमारा आणि दुहेरी आवाज देऊन, दुसरा एकदम कोरडा, अगदी कानाशी, बाकी वाद्यंही मोजकीच, आणि तिसरा पुन्हा भरगच्च, उंच स्वरांकडे जाणारा. सांगायचं झालं तर मधला कोरडा फेरा हा या अल्बममधल्या मिक्सिंगचा उत्तम नमुना. जागा रिकामी केल्यामुळे वाद्य मोठं वाटतं.

त्या मिक्सिंगबद्दल दोन वाक्यं. वॉटर्स यांना आवाज कोरडे हवे होते, गिलमोर यांना घुमणारे. निवाड्याला त्रयस्थ माणूस म्हणून क्रिस थॉमस यांना बोलावलं गेलं. टेपवरचे सोळा ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या नोंदींच्या जागा, भरून गेल्यावर ते एकत्र करून दुसऱ्या सोळा ट्रॅकच्या टेपवर उतरवले जात, म्हणजे मूळ ड्रम-बासची प्रत दुसऱ्या पिढीची. त्या मानाने आवाज किती स्वच्छ राहिलाय, यात पार्सन्स यांचं कसब आहे.

‘मनी’ विरत जातं आणि त्यावर माणसांचे बोल येतात. हे बोल या अल्बमचा चिकटवा आहेत. वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत जो कुणी सापडला त्याला माइकसमोर बसवलं: सामान वाहणारे, तंत्रज्ञ, दारवान, शेजारच्या स्टुडिओतले वादक. सुरुवातीला आवडता रंग कोणता, आवडतं खाणं कोणतं असे बिनधोक प्रश्न, आणि मग शेवटचा हात कधी उगारलास, तेव्हा तू बरोबर होतास का, मरणाची भीती वाटते का. पॉल मॅकार्टनी यांनाही विचारलं होतं. त्यांची उत्तरं फार सावध, जपून दिलेली, म्हणून घेतली नाहीत. त्यांच्या बँडमधल्या गिटारवादकाने मात्र भांडणाबद्दल विचारल्यावर आपण तेव्हा प्यालेले होतो असं सांगून टाकलं, आणि ते ‘मनी’च्या अखेरीस आहे. रोजच्या माणसांच्या या बेसावध वाक्यांमुळे वॉटर्स यांचे मोठमोठे विषय जमिनीवर येतात.

‘अस अँड देम’ची चाल जुनी. आंतोनिओनी यांच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ चित्रपटासाठी राइट यांनी ती पियानोवर बसवली होती, दिग्दर्शकाने नाकारली. कडव्यात बास एकाच डी स्वरावर राहतो, खाली षड्ज धरून ठेवावा तसा, आणि वर कॉर्ड बदलत जातात. त्यांतली तिसरी, डी मायनरवर मेजर सेव्हन्थ, कानाला हलकेच टोचते; गाण्यातली सगळी अस्वस्थता तिच्यात आहे. गायक एक शब्द टाकतो आणि गप्प बसतो, टेपच्या विलंबातून तोच शब्द परत परत येतो. प्रतिध्वनी नंतर वरून भुरभुरलेला नाही, त्याच्यासाठी चालीत जागाच सोडलेली आहे. मग एकदम पूर्ण ताकदीचा भाग कोसळतो, परत ओसरतो. हे सात-पावणेआठ मिनिटांचं गाणं अल्बममधलं सर्वांत लांब आणि माझ्या लेखी सर्वांत चांगलं बांधलेलं.

ते संपतं कुठे हे शोधायचा प्रयत्न करा, सापडत नाही. शेवटच्या चढावरूनच ‘एनी कलर यू लाइक’ सुरू होतं. गाणं नाही, सिंथेसायझर आणि गिटारचा संवाद. आता खालच्या कॉर्ड ऐका: डी मायनर आणि जी. ‘ब्रीद’च्या ई मायनर आणि ए या कॉर्ड पूर्ण एका स्वराने खाली आणल्या की या मिळतात. ठेकाही त्याच घराण्यातला. म्हणजे ‘ब्रीद’ तिसऱ्यांदा आलंय, शब्द काढून, वेष पालटून. पटत नसेल तर दोन्हींची पहिली अर्धी मिनिटं लागोपाठ लावा. अल्बम एकसंध का वाटतो याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

‘ब्रेन डॅमेज’ला वॉटर्स पहिल्यांदाच पुढे येऊन गातात. इतका वेळ दुसऱ्यांच्या सुरेल गळ्यांतून आलेले शब्द आता लिहिणाऱ्याच्या साध्या, थोड्या कापऱ्या आवाजात येतात. हिरवळीवरचा वेडा म्हणजे बॅरेट यांची सावली, हे त्यांनीच सांगितलंय. चारच्या ठेक्यातून ‘एक्लिप्स’च्या सहाच्या झोक्यात शिरताना मधे फट नाही. ‘एक्लिप्स’ला धृपद नाही, नुसती यादी: ज्याला स्पर्श करतोस ते, जे पाहतोस ते, असं एकेक. प्रत्येक ओळीला कॉर्डचा तोच उतार, आणि दर फेऱ्याला गळे वाढत जातात. सुरुवातीला जी यादी कॅम्डनच्या घरात मांडली होती, तिला शेवटी यादीचंच रूप मिळतं. मग परत हृदयाचे ठोके, आणि स्टुडिओचे दारवान जेरी ओड्रिस्कॉल यांचं एक वाक्य: चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, खरं तर सगळाच काळा. ठोके जिथून आले तिथेच विरतात. मुखपृष्ठही असंच वळसा घेतं. आतल्या घडीत रंगांच्या पट्ट्यांमधली हिरवी रेघ हृदयाच्या आलेखासारखी उसळते, आणि मागच्या बाजूला उलटा लोलक रंगांना पुन्हा एका रेघेत गोळा करतो. हिपनोसिस या चमूचं हे काम, प्रत्यक्ष रेखाटन जॉर्ज हार्डी यांचं. पट्ट्या सहाच आहेत, पारवा वगळलेला, मोजून बघा.

जाता जाता: हा अल्बम एका जुन्या हॉलिवूडच्या चित्रपटाबरोबर लावला की जुळतो, असं सांगणारे भेटतात. बँडने ते साफ नाकारलंय. त्यावर एक संध्याकाळ घालवायची तर घालवा, पण डोळे पडद्यावर असताना सांधे ऐकू येत नाहीत.

आता आवृत्त्यांचं. १९७३ चं स्टीरिओ मिक्स कुठल्याही रूपात चालेल, सुरुवात त्यापासूनच करा. २००३ मध्ये जेम्स गथ्री यांनी केलेलं पाच स्पीकरांचं मिक्स पहिल्या पिढीच्या टेपांवरून बनलंय, त्यामुळे ड्रम अधिक लख्ख आहेत. पण तशी यंत्रणा घरात नसेल तर त्यासाठी खर्चात पडू नका. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स यांनी मुंबईत हा अल्बम अथपासून इतिपर्यंत सादर केला होता, तो त्यांच्या स्वतःच्या बँडसह, पिंक फ्लॉइड म्हणून नव्हे. मूळ चौघांनी तो रंगमंचावर कसा वाजवला हे ऐकायचं असेल तर वेम्बलीचं १९७४ चं रेकॉर्डिंग आता अधिकृतपणे मिळतं. त्यात ‘एनी कलर यू लाइक’ मूळच्या दुपटीहून लांब आहे. त्या रेकॉर्डिंगमधलं आधी तेच लावा, आणि मधे कुठेतरी खालच्या दोन कॉर्ड तुम्हाला ‘ब्रीद’सारख्या ऐकू येतात का ते बघा.